घरात शिरलेली वाळवी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की दिवेलागणीला पंखांचे किडे दिव्याभोवती झुंबड करतात, हे कात्रपकरांना नव्याने सांगायला नको. दिवा मालवावा, त्याच्याखाली परातीत पाणी ठेवावे आणि सकाळी पंखांचा केर लोटून द्यावा, एवढ्यावर आपण हा प्रकार मिटवतो. आमची विनंती अशी, की केर लोटण्यापूर्वी तो जरा निरखून पाहावा. वर्षभरात वाळवी आपला ठावठिकाणा इतक्या उघडपणे एकदाच सांगते.

मुंगीलाही पंख फुटतात, म्हणून आधी ओळख पटवावी. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीची पुढची जोडी मोठी, मागची लहान. मुंगीची कंबर बारीक, वाळवीचे अंग सरळ. आपण तिला पांढरी मुंगी म्हणतो खरे, पण ती मुंगीची कोणी नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानंतर प्राणिशास्त्रज्ञ तिला झुरळांच्याच गणात घालतात.

आता खरा प्रश्न. हे किडे आले कोठून? उघड्या खिडकीतून दिव्याच्या ओढीने आले असतील, तर ते बाहेरच्या वारुळातले पाहुणे आहेत. त्यांतले बहुतेक पाली, बेडूक आणि कावळे यांच्या पोटात जातात. परंतु खिडक्या मिटलेल्या असताना चौकटीच्या फटीतून किंवा भिंत व फरशी यांच्या सांध्यातून ते निघत असतील, तर त्यांचे बिऱ्हाड घरात किंवा अगदी पायाशी आहे. पंख फुटलेली पिढी वसाहत काही वर्षांची झाल्यावरच निघते. म्हणजे ही वस्ती मुरलेली आहे असे समजावे.

कात्रप पूर्वी भातशेतीचे गाव होते. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि खाचरांच्या जागी इमारती आल्या आहेत. पण इमारतीखालची माती तीच. बांधावरच्या झाडांची मुळे, खुंट आणि बांधकामानंतर तसेच गाडले गेलेले फळ्यांचे तुकडे हे वाळवीचे आयते कोठार होय. तिच्या हिशेबी आपणच तिच्या वाटेत आलो आहोत. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला हळदकुंकू वाहतो, तेही नागाने बांधलेले नसते. बांधते वाळवी, राहायला येतो नाग.

बाकीच्या दिवसांत शोधायची ती मातीची नळी. वाळवीची कातडी नाजूक. उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून मातीत लाळ कालवून ती पेन्सिलीएवढ्या जाडीचा बोगदा बांधीत भिंतीवर चढते. ही नळी आपण जेथे क्वचित पाहतो तेथेच असते: कपाटामागे, ओट्याखाली, जिन्याखाली, मोरीच्या भिंतीला लागून. विजेच्या तारा नेणाऱ्या नळीतूनही ती वर जाते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. नळी दिसली, की मधला बोटभर तुकडा मोडावा आणि दोन-तीन दिवस थांबावे. मोडलेली जागा ओल्या मातीने पुन्हा भरून आली, तर आत रहदारी चालू आहे. भरून आली नाही, तरी वाळवी गेली असे लगेच मानू नये. तिने दुसरी वाट धरलेली असू शकते. सगळी नळी पुसून वर रंग देणे हा मात्र शुद्ध वेडेपणा. त्याने खूण तेवढी नाहीशी होते.

लाकडाची परीक्षा कानाने करावी. दाराच्या चौकटीवर खालून वर पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. भरीव लाकूड टणक वाजते; पोखरलेले पोकळ, पुठ्ठ्यासारखे. वाळवी लाकडाचा वरचा पापुद्रा राखून आतला गर खाते, त्यामुळे रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटे येईपर्यंत डोळ्यांना काही कळत नाही. चौकट सागाची आहे, हे उत्तर पुरेसे नाही. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. सालीलगतचा फिकट भाग ती खुशाल खाते, आणि स्वस्तातल्या चौकटीत तोच भाग पुष्कळ असतो.

लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल आणि बारीक गोल भोके दिसत असतील, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. खसखशीएवढे कोरडे दाणे पडत असतील, तर ती लाकडातच राहणारी कोरडी वाळवी; तिला जमिनीशी संबंध लागत नाही. या दोहोंचा इलाज वेगळा, म्हणून चिमूटभर नमुना कागदात बांधून जाणत्याला दाखवावा.

जमिनीतल्या वाळवीवर रॉकेल शिंपडून समोरची चार मरतात. राणी मातीत सुखरूप राहते. आय.एस. ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठीच आहे: भिंत आणि फरशी यांच्या सांध्याला ओळीने भोके पाडून औषध खालच्या मातीपर्यंत पोचवायचे. एकट्या तळमजल्याच्या बिऱ्हाडाने हे करून भागत नाही. विषय सोसायटीच्या सभेत आणावा. कोणते औषध वापरणार, हेही विचारून घ्यावे. एके काळी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन २००१ च्या स्टॉकहोम करारातील पहिल्या बारा वर्ज्य द्रव्यांपैकी आहे आणि आपल्याकडेही त्याला बंदी आहे.

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. २०१९ सालीही शिरले. अशा पुरानंतर भिंती महिनोन् महिने ओल धरतात, आणि ओल म्हणजे वाळवीला आमंत्रण. नळाची गळती आणि मोरीची झिरप यांचेही तेच. घराचे खरेदीखत, सातबाराचे उतारे, मुलांच्या शाळेचे दाखले ज्या ट्रंकेत असतील, ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी, खाली विटा द्याव्यात आणि रोहिणी लागण्यापूर्वी एकदा रिकामी करून तळ पाहावा. कागदाच्या कडेला ओल्या मातीचा मुलामा दिसला, तर तो पुसण्यापूर्वी त्यामागची भिंत पाहावी.