सही कोणाची आणि मोजणार कोण?

सही या वस्तूशी आम्हां कामगार मंडळींची ओळख फार जुनी आहे. पगारपत्रकावर सही, मिळालेल्या मेमोवर सही, आणि वर्षातून एकदोनदा मागण्यांच्या अर्जावर सही. आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा श्रोत्यांपुढे पांडित्य मांडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु सह्या गोळा करण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवाच्या बळावर एका दूरच्या राज्यातील सह्यांच्या कायद्याची हकिकत सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आरंभ मात्र घरापासून करू. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळच्या वेळी पगार, अशा त्यातील मागण्या. साप्ताहिक सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले. ही सहा वर्षे का लागली? कारण ते निवेदन ही विनंती होती. वाचणाऱ्याने वाचावी, न वाचल्यास बाजूस ठेवावी. पाच हजार सह्या असोत की पाच लाख, उत्तर देण्याचे बंधन समोरच्यावर नव्हते.

आता असे समजा की, ठरावीक संख्येने सह्या जमल्या तर ती मागणी राज्यातील सर्व मतदारांपुढे मतास टाकणे सरकारला भाग आहे, आणि बहुमत मिळाले तर तीच कायदा होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९११ पासून ही पद्धत चालू आहे. त्या काळी तेथे सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा एवढा वरचष्मा होता की, विधिमंडळ लोकांचे की कंपनीचे, असा प्रश्न पडावा. हायरम जॉन्सन हे गव्हर्नर कंपनीची सत्ता मोडण्याचे वचन देऊन निवडून आले आणि १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांनी घटनादुरुस्ती करून तीन अधिकार आपल्या हाती घेतले: स्वतः कायदा सुचविण्याचा, विधिमंडळाने केलेला कायदा सार्वमतास लावण्याचा, आणि निवडून दिलेल्या माणसास परत बोलावण्याचा.

अधिकार मिळाला, पण तो वापरायचा कसा? येथे नियमांचे राज्य सुरू होते. ते क्रमाने पाहू.

प्रथम प्रस्तावाचा मसुदा दोन हजार डॉलर अनामतीसह राज्याच्या महान्यायवाद्यांकडे द्यावयाचा. तीस दिवस तो लोकांच्या अभिप्रायासाठी खुला राहतो. मग महान्यायवादी त्यास मथळा आणि थोडक्यात सारांश देतात. हा सारांश प्रत्येक अर्जावर छापावा लागतो, म्हणजे करवाढीच्या कागदावर ‘बालकल्याण’ असे गोड नाव घालून सह्या मागण्याची सोय राहत नाही. शिवाय एका प्रस्तावात एकच विषय असावा, अशी अट १९४८ पासून आहे.

सारांश मिळाल्या दिवसापासून १८० दिवसांची मुदत सुरू होते. किती सह्या हव्यात? मागील गव्हर्नर-निवडणुकीत त्या पदासाठी जेवढी मते पडली, त्यांच्या ५ टक्के साध्या कायद्यासाठी आणि ८ टक्के घटनादुरुस्तीसाठी. २०२२ च्या मतदानावरून हे आकडे अनुक्रमे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ असे निघाले. येथे एक मौज ध्यानात घ्यावी. टक्केवारी लोकसंख्येवर किंवा मतदारयादीवर नसून झालेल्या मतदानावर आहे. लोक मतदानास कमी गेले की पुढील चार वर्षे सह्यांची अट आपोआप उतरते.

सही कोणाची चालते? नोंदलेल्या मतदाराचीच. त्याने स्वतः सही करावी, नाव स्पष्ट लिहावे आणि पत्ता घालावा; तो पत्ता मतदारयादीशी जुळला पाहिजे. सह्या गोळा करणारा अठरा वर्षांवरील असावा, आणि या सह्या माझ्यासमक्ष झाल्या असे त्याने प्रतिज्ञेवर लिहून द्यावे.

मग मोजणी. पाच-सहा लाख सह्या एकेक तपासणे म्हणजे डोंगर पोखरणे. म्हणून प्रत्येक काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्हा, तांदळाच्या पोत्यात बांबी खुपसून दाणे पाहावेत तसा नमुना काढते: आलेल्या सह्यांपैकी ३ टक्के किंवा ५००, यांपैकी जो आकडा मोठा असेल तेवढ्या. नमुन्यावरून काढलेला वैध सह्यांचा अंदाज आवश्यक संख्येच्या ११० टक्क्यांवर गेला की प्रस्ताव मतदानास पात्र. ९५ टक्क्यांखाली राहिला की बाद. मधे अडकला तर मात्र एकूण एक सही तपासावयाची. नमुन्यात एकाच माणसाच्या दोन सह्या सापडल्या तर वजाबाकी भयंकर होते. कारण ३ टक्क्यांच्या नमुन्यात दोन्ही सह्या एकदम हाती लागणे दुर्मीळ. एक जोडी सापडली याचा अर्थ गठ्ठ्यात तशा सुमारे हजार जोड्या असाव्यात, असे गणित धरतात.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? आम्हीही एकेकाळी असेच म्हणत होतो. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियन होण्यासाठी अट घातली होती की, कारखान्यातील किमान ३० टक्के कामगार मागील सहा महिने सलग सभासद असावेत. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही अशी नावे गोळा केली. संख्या भरली म्हणून पेढे वाटले. तपासणीत चाळीसएक नावे गळाली. हजेरीपटावर ‘ज्ञानेश्वर’, आमच्या पुस्तकात ‘माउली’. कोणाची वर्गणी मधल्या दोन महिन्यांची नाही. कोणाच्या नावाने त्याच्या भावानेच सही ठोकलेली. माणसे खरी, इच्छा खरी, पण कागद कच्चा. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता. त्या दिवशी आम्ही शिकलो की, नियम नीट पाळला तर तो दुबळ्याची ढाल होतो. समोरच्याला ‘ही सही खोटी’ असे म्हणण्यास जागा राहत नाही.

तथापि नियमाने खोटी सही अडते. विकतची सही अडत नाही. १८० दिवसांत साडेपाच लाख खऱ्या सह्या आणावयाच्या म्हणजे बाद होणाऱ्या धरून त्याहून कितीतरी अधिक गोळा कराव्या लागणार. नोकरी सांभाळून संध्याकाळी फिरणाऱ्या स्वयंसेवकांच्या आवाक्यातले हे काम नव्हे. म्हणून तेथे या कामाचे ठेकेदार निर्माण झाले आणि बाजारांच्या दारांत नगामागे मजुरी घेऊन सह्या जमविणारी माणसे उभी राहिली. कोलोरॅडो राज्याने असे पगारी लोक वापरण्यास बंदी केली होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केली. ओरेगॉनच्या मतदारांनी २००२ मध्ये निदान सहीमागे दर ठरवून मजुरी देण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियाने अर्जावर सूचना छापण्याचा मार्ग धरला: कागद फिरविणारा पगारी असू शकेल, तसे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे.

या सवलतीचे फळ २०२० मध्ये दिसले. आदल्या वर्षी तेथील विधिमंडळाने असा कायदा केला होता की, त्याच्या कसोटीने अ‍ॅपवरील गाड्यांचे चालक कंपनीचे नोकर ठरावेत. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी सह्या जमवून ‘प्रस्ताव २२’ मतास टाकला, त्याच्या बाजूने सुमारे २० कोटी डॉलर ओतले आणि सुमारे ५९ टक्के मतांनी तो जिंकला. चालक स्वतंत्र ठेकेदार ठरले. विधिमंडळास त्यात दुरुस्ती करावयाची तर सात-अष्टमांश बहुमत लागेल, असेही कलम त्यातच होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो वैध ठरविला. एका कंपनीच्या जाचातून सुटण्यासाठी १९११ मध्ये घडविलेले हत्यार आता कंपन्यांच्याच हातात शोभू लागले!

मग हत्यार मोडून टाकावे काय? आमचे उत्तर, नाही. त्याच देशातील मिसूरी राज्याकडे पाहा. २०१७ मध्ये तेथे ‘कामाचा हक्क’ अशा गोंडस नावाचा कायदा झाला. युनियनने सर्वांसाठी पगारवाढ मिळवावी, पण तिच्या खर्चाचा वाटा देण्याचे बंधन कोणावर असू नये, हा त्याचा अर्थ. तेथे सह्यांचा नियम आणखी कडक: राज्याच्या आठ काँग्रेस-मतदारसंघांपैकी सहांत प्रत्येकी ५ टक्के. म्हणजे एका मोठ्या शहरात गर्दी करून भागत नाही, खेडोपाडी जावे लागते. युनियनांनी तीन लाखांहून अधिक सह्या दाखल केल्या, कायदा अंमलात येण्यापूर्वी थांबला, आणि ७ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ६७ टक्के मतदारांनी तो फेटाळला. पैसा तेथेही खर्च झालाच. पण सहीच्या पाठीशी संघटना होती.

आपल्या राज्यघटनेत नागरिकांनी सह्या करून कायदा मांडण्याची तरतूद नाही. आपला अर्ज आजही विनंतीच आहे. पण अर्ज आपल्याही दारी येतात, कधी पाण्यासाठी, कधी रस्त्यासाठी. तेव्हा लेखणी हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय श्रोत्यांनी लावून घ्यावी: मसुदा कोणी लिहिला, कागद फिरविण्याचा खर्च कोण करतो, आणि सह्या मोजणार कोण? कागद घेऊन आलेला माणूस आमच्या युनियनचा असला तरी त्याला हे विचारावे. तो रागावला तर सही करू नये. त्याने बसून उत्तरे दिली तर सही करावी, पूर्ण नाव लिहून, पत्त्यासह, आणि स्वतःच्या हाताने.