सामायिक मेघ

माण हा अवर्षणाचा मुलूख. तेथे ओढ्यावर बांध घालावयाचा झाला, तर कोणी दगड देतो, कोणी बैलगाडी, तर कोणी श्रम. कारण अडलेले पाणी सर्वांच्याच विहिरींत पाझरते. संगणकाच्या जगातही असाच एक सामायिक बांध आहे.

दूरच्या संगणकांवर माहिती साठवून ती हवी तेव्हा वापरण्याच्या सोयीस ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, असे म्हणतात. हा मेघ चालविणारी आज्ञावली, म्हणजे संगणकास द्यावयाच्या सूचनांची मालिका, कंपन्या बहुधा गुप्त ठेवतात. परंतु २०१० साली नासा ही अमेरिकेची अंतराळसंस्था व रॅकस्पेस ही कंपनी यांनी आपापल्या आज्ञावली एकत्र करून ‘ओपनस्टॅक’ या नावाने जगास खुल्या केल्या. त्या कोणीही वाचाव्यात, सुधाराव्यात, वापराव्यात.

पुढे आयबीएम, रेड हॅट, एचपी अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनीही आपले अभियंते या कामी दिले. हा केवळ परोपकार नव्हे; पाया मिळून बांधला, तर प्रत्येकीचा खर्च वाचतो.

पण अधिक दगड देणाऱ्याने उद्या बांधच आपला म्हटला तर? हा धोका ओळखून २०१२ साली ओपनस्टॅकचा कारभार एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आला. २०१६ साली एचपीची सार्वजनिक मेघसेवा बंद झाली. तरी तिने दिलेली आज्ञावली सर्वांचीच राहिली. बांधात बसविलेला दगड कोणी घरी नेत नाही.