सेकंडहँड आवाज

शनिवारची संध्याकाळ. सगळं पब्लिक एफसी रोडला नाहीतर बाणेरला हादडायला गेलेलं. आणि मी एका अनोळखी माणसाच्या पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून त्याच्या स्पीकरच्या जाळीत नाक खुपसून वास घेतोय. हो, वास! जुना स्पीकर विकत घेताना कानाच्या आधी नाक वापरायचं, हा फंडा मला साडेनऊ हजार रुपये घालवल्यावर कळला.

ते साडेनऊ हजार म्हणजे माझी पहिली जोडी. अमेरिकन कंपनी, कमरेएवढे उंच खोके, अक्रोडाच्या रंगाचं लाकूड. विकणाऱ्याने त्याच्याच पसंतीचं एक गाणं हळू आवाजात लावलं आणि मी खल्लास! जाळी काढून बघावी, आवाज थोडा वाढवून बघावा, असलं काही डोक्यातच आलं नाही. टेम्पो करून घरी आणले, रूममेटला मुद्दाम बोलावून बसवलं, बेसवालं गाणं लावलं, नॉब फिरवला... आणि खोक्यातून आवाज आला तो फर्रर्र! पतंगाचा कागद वाऱ्यावर फाटावा तसा. जाळी काढली, तर वूफरच्या पडद्याभोवतीची फोमची रिंग बोट लावताच हातात आली. चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखी. रूममेट काही बोलला नाही. तो नुसता हसला असता तरी बरं वाटलं असतं.

आता यात विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. कदाचित त्यालाही माहीत नसेल. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कितीतरी कंपन्यांनी वूफरच्या कडेला फोमची रिंग वापरली. हलकी, मऊ, पडदा मस्त मागेपुढे होतो. पण हा फोम पॉलियुरेथेनचा. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो. पंधरा-वीस वर्षांत तो चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. स्पीकर वाजवा नाहीतर कपाटात ठेवा, फोम कोणासाठी थांबत नाही. मुंबई-कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. म्हणून तो नाक खुपसण्याचा प्रकार. बंद घराचा कुबट वास आला की समजायचं, हे खोके ओलीत राहिलेत. फोमच्या जागी रबर किंवा कापडाची रिंग असेल तर निवांत. १९७०मध्ये आलेला जेबीएलचा एल-१०० बघा. त्याच्या वूफरची रिंग कापडाची, त्यामुळे पन्नास वर्षांनंतरही ती बऱ्याचदा धड असते. गंमत म्हणजे ज्या चौकोनी ठोकळ्यांच्या फोमच्या जाळीवर तेव्हा लोक फिदा होते, नेमकी तीच भुगा होऊन गळते.

माझी जोडी वाचवली बुधवार पेठेतल्या एका मेकॅनिकने. दोन माणसं उभी राहिली की भरेल एवढं दुकान, भिंतीला टांगलेले वूफर, आणि काका चष्मा कपाळावर ठेवून काम करतात. जुनी रिंग खरवडून नवी चिकटवायची, एवढंच काम. पण पडदा केसभर जरी वाकडा बसला तरी आतली कॉइल मॅग्नेटला घासते. काकांनी गोंद ओला असताना स्पीकरला एकदम खालच्या पट्टीची घुमघुम लावून ठेवली, म्हणजे पडदा आपसूक मधोमध बसतो. पंधराशे रुपये घेतले आणि वर एक वाक्य फुकट दिलं.

"साहेब, जो जाळी काढू देत नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही."

त्यांनीच मग सगळं शिकवलं. दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समोरासमोर ठेवायची, फुलपाखराला लावावीत तशी, आणि हलकेच आत दाबायचं. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. खरखर नसेल तर पुढचं. साधा पेन्सिल सेल घ्या, दोन वायरी स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभरच टेकवा. टक्क आवाज होऊन पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर वायर उलटी जोडलेली आहे. दोघांपैकी एकाच खोक्याची वायर अशी उलटी असेल तर बेस गायब होतो आणि लोक बिचाऱ्या स्पीकरला शिव्या घालतात! मल्टीमीटर असेल तर अजून उत्तम. आठ ओहमच्या स्पीकरला तो साधारण सहाच्या आसपास दाखवतो. काटा हललाच नाही तर काहीतरी तुटलंय किंवा जळलंय.

आणि गाणं स्वतःचं न्या. हे फार महत्त्वाचं आहे. जे गाणं तुम्ही हजार वेळा ऐकलंय तेच. माझ्याकडे एका ख्यालाचं रेकॉर्डिंग आहे, सुरुवातीला नुसता तानपुरा. तानपुऱ्याची जवारी, ती सोनेरी झणझण, सगळी वरच्या पट्टीत असते. ट्वीटर मेला असेल तर तानपुरा वाजतो खरा, पण गोधडीखाली ठेवल्यासारखा. एकेक बाजू बंद करून ऐकायची. आणि शंका आलीच तर डावा खोका उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष खोक्याबरोबर सरकला तर तो खोक्याचा. जागेवरच राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरचा, नाहीतर वायरीचा.

ही शेवटची ट्रिक लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर असे शहाणे झाल्यावर माझं शिकारी जीवन सुरू झालं. सध्या पुण्यात जुने स्पीकर सगळ्यात जास्त निघतात ते रीडेव्हलपमेंटमधून. सत्तर-ऐंशी सालच्या सोसायट्या पाडायला निघाल्यात, माळे रिकामे होतायत, आणि आखातातून आणलेले डेक, कलकत्त्याच्या सोनोडाइनचे खोके, सगळं भंगारवाल्याच्या दारात येऊन पडतंय. ऑफिसमधल्या एका मित्राने सांगितलं, आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंना दोन स्पीकर काढायचेत. बघ एकदा.

काकूंचं घर म्हणजे अर्धं खोक्यांत भरलेलं. कोपऱ्यात उभे, क्रोशाची कव्हरं घातलेले, दोन काळे डबे. एकावर गणपती, दुसऱ्यावर फ्लॉवरपॉट. मी परवानगी घेऊन कव्हर उचललं, जाळी काढली. आत पांढरा वूफर, जरासा पिवळट पडलेला. आणि माझं पाणी पाणी झालं.

यामाहा एनएस-१०एम!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा स्पीकर १९७८मध्ये आला तो घरात गाणी ऐकायला, आणि घरगुती स्पीकर म्हणून त्याचं काही फारसं कौतुक झालं नाही. बेस कमी, मधला आवाज पुढे पुढे करणारा. पण रेकॉर्डिंग इंजिनीअर्सच्या लक्षात आलं की हा पठ्ठ्या खोटं बोलत नाही. गाण्यात जे चुकलंय ते तो लगेच दाखवतो. बघता बघता जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या वर ही पांढऱ्या पडद्यांची जोडी दिसू लागली. १९८७मध्ये खास स्टुडिओसाठी आडवं ठेवायचं मॉडेल निघालं. आधीच्या मॉडेलचा ट्वीटर कानाला टोचतो म्हणून बॉब क्लिअरमाऊंटनसारखे नावाजलेले इंजिनीअर त्याच्यावर चक्क टिश्यू पेपर लावायचे! २००१मध्ये उत्पादन बंद झालं. कारण? त्या पांढऱ्या पडद्यासाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेना. म्हणजे आता जेवढे धड पडदे उरलेत, तेवढेच.

"भंगारवाला आठशे म्हणाला," काकू म्हणाल्या. "तू दोन हजार दे. ह्यांनी बहरीनहून आणले होते, तुझ्या हातात गेले तर बरं."

त्या आठवड्यात जाहिरातींत चालू जोडीचे तीस ते चाळीस हजार मागत होते. माझ्या खिशात दोन हजार होते. रोख.

खरं सांगायचं तर मी लगेच काही बोललो नाही. "उद्या येतो काकू," म्हणून सटकलो. स्पीकरवाल्या एका दोस्ताला फोन केला. तो म्हणाला, "वेडा आहेस का? डील आहे डील! त्यांना कुठे कळणारे?" आणि त्याचं अगदीच चूक नव्हतं. हा छंद बऱ्याच अंशी चालतो तो विकणाऱ्याला माहीत नसण्यावरच. जुन्या वस्तूंची फुशारकी मारताना आम्ही किती कमी पैसे दिले तेच सांगत असतो ना! पण रात्रभर तो गणपती आणि तो फ्लॉवरपॉट डोळ्यांपुढे. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. "काकू, हे तीस-चाळीस हजारांना जातात. मला तेवढे परवडायचे नाहीत. भाच्याला वगैरे विचारून बघा."

काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, विचारते. मग दोन आठवडे काहीच नाही. मी मनातल्या मनात स्वतःच्या प्रामाणिकपणाला बऱ्याच शिव्या घातल्या.

मग फोन. "भाचा म्हणतो, तू सांगितलेलं बरोबर आहे. पण तो म्हणतो चालू आहेत का ते आधी बघा. तूच येऊन वाजवून दाखव."

रविवारी स्कूटरवर अ‍ॅम्प्लिफायर बांधून गेलो. बोटं लावून बघितली, सेलची टकटक केली, दोन्ही पडदे बाहेर आले. झकास! मग तानपुरा लावला. उजवीकडे झणझणीत. डावीकडे गोधडी.

"डावीकडचा..." मी सुरुवात केली, आणि काकू सहज म्हणाल्या, "डावीकडून ह्यांनाही कमीच ऐकू यायचं. शेवटची चार वर्षं. ह्याच खुर्चीत बसायचे आणि सारखं म्हणायचे, डावीकडून तानपुरा येत नाही. मी म्हटलं, वय झालं तुमचं. कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानाने ठीक आहे. तरी मशीन घ्या म्हणून मीच मागे लागले होते."

किमतीचं खरं सांगणं सोपं होतं हो. हे नव्हतं. वायरच ढिली असेल, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण मला तपासायचं तर होतंच. मी खोके उचलले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. पुन्हा तोच तानपुरा. आता गोधडी उजवीकडे.

काकू बघत होत्या. मी काही समजावून सांगायची वेळच आली नाही.

"म्हणजे खोकं बहिरं होतं?"

"ट्वीटर गेलाय काकू. वरचा छोटा असतो तो."

"आणि मी चार वर्षं ह्यांना ओरडत होते."

त्या आत गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता. मग दोन कप चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाव परत. सगळं लाव." आम्ही तो अख्खा ख्याल ऐकला. एका ट्वीटरवर.

शेवटी सौदा अठरा हजारांना झाला, तीन हप्त्यांत. ट्वीटरचं सांगितल्यावर काकू स्वतःच खाली आल्या, मी घासाघीस केली नाही. ओरिजिनल ट्वीटर मिळायला चार महिने लागले. बाजारात त्याच मापाचे दुसरे लगेच मिळत होते, पण एका बाजूला असली आणि दुसऱ्या बाजूला भलताच, म्हणजे जोडी मोडलीच. तोपर्यंत ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. नियम आठवडाभर टिकला.

तुम्हीही असं काही घरी आणलं तर एक सांगतो. पडद्यावर ओला फडका कधीही नाही. रंगाचा नवा, मऊ ब्रश घ्या, कोरडा, आणि धूळ हलकेच उडवा. दिवाळीच्या साफसफाईत मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या प्रेमाने पुसतील आणि कागदी पडद्याचा पापड होईल. खोके भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे असतील तर कडेने पाणी प्यायले की फुगतात, आणि ते परत बसत नाहीत. उन्हात ठेवू नका. आणि टीचभर अ‍ॅम्प्लिफायर फुल्ल करून पार्टी करू नका. आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज आधी ट्वीटरलाच जाळतो. काकूंच्या डाव्या खोक्याचं तसंच झालं असावं. त्या म्हणाल्या, भाच्याच्या मुंजीत कोणीतरी तो गच्चीवर नेऊन वाजवला होता.

काकू आता नऱ्हेला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नवी बिल्डिंग होईपर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मला वाटलं तिसरा हप्ता. तर म्हणाल्या, "अरे, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढलेस का? हे दर वर्षी पाऊस सुरू झाला की वीतभर पुढे ओढायचे. भिंतीला ओल येते ना."

ओढले नव्हते. फोन कानाला धरूनच उठलो आणि ओढले.