विश्लेषण : लिंकनच्या सहीचा कागद शंभर कोटींना! पण खरी सही ओळखतात कशी?

न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ मध्ये सदबीजच्या लिलावात १६० वर्षांपूर्वीचा एक कागद १.३७ कोटी डॉलरना विकला गेला. रुपयांत हा आकडा शंभर कोटींच्या पुढे जातो. अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्या १३व्या घटनादुरुस्तीची ती प्रत होती आणि तिच्यावर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची सही होती. हाच मजकूर तुम्हाला मोबाइलवर फुकट वाचता येतो. मग एवढे पैसे कशाचे? आणि सही खरी आहे, हे ठरवतात कसं?

असे कागद बाजारात येतात कुठून?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झालं. युद्ध म्हणजे कागदपत्रांचा डोंगर. लष्करी अधिकाऱ्यांची नेमणूकपत्रं, पोस्टमास्तरांच्या नियुक्त्या, शिक्षामाफीचे आदेश अशा अनेक कागदांवर लिंकन स्वतः सही करत. नेमणूकपत्र त्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं जाई. त्यामुळे ते घरात, पेटीत राहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी विकलं. असे कागद बाळगणं कायदेशीर आहे.

दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या सरकारचे रोखेही मिळतात. १४व्या घटनादुरुस्तीने या सरकारचं सगळं कर्ज रद्दबातल ठरवलं. म्हणजे रोखा म्हणून त्याची किंमत शून्य. संग्राहक मात्र त्यासाठी आजही पैसे मोजतात.

मग मूळ जाहीरनामाही विकला गेला का?

नाही. लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी सही केलेला गुलाममुक्तीचा मूळ जाहीरनामा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. लिलावात येतात त्या स्मरणप्रती. जून १८६४ मध्ये फिलाडेल्फियात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली होती. तिच्यासाठी ४८ प्रती छापून त्यांवर लिंकन यांच्या सह्या घेतल्या गेल्या. किंमत होती प्रत्येकी १० डॉलर. त्यातली एक रॉबर्ट केनेडी यांनी १९६४ मध्ये ९,५०० डॉलरना घेतली. २०१० मध्ये तिला ३७ लाखांहून अधिक डॉलर मिळाले.

सही खरी की खोटी, कसं ओळखतात?

पहिली गोष्ट म्हणजे सहीची पद्धत. लिंकन पत्रांवर आणि छोट्या शेऱ्यांवर ‘ए. लिंकन’ लिहीत, औपचारिक सरकारी कागदांवर ‘अब्राहम लिंकन’. नेमणूकपत्रावर ‘ए. लिंकन’ दिसलं, तर शंका घ्यायलाच हवी.

दुसरी गोष्ट शाई. तेव्हाची शाई मायफळ आणि हिराकस यांच्यापासून बनवलेली असे. हो, बाळगुटीतलंच मायफळ! ही शाई कागदाच्या तंतूंत मुरते आणि काळानुसार तपकिरी होते. कागदही चिंध्यांच्या लगद्याचा असे. पण शाई आणि कागद जुने आहेत, एवढ्याने भागत नाही. १९३०च्या दशकात जोसेफ कोसी हा बनावट सह्या करणारा जुने कोरे कागद मिळवून त्यांवर लिंकन यांचं अक्षर गिरवत असे.

तिसरा सापळा खोट्या सहीचा नाही, गैरसमजाचा आहे. सरकारी जमिनीच्या पट्ट्यांवर राष्ट्राध्यक्षांचं नाव असतं, पण १८३३ नंतर त्यांच्या नावाने सही करण्याचं काम एका सचिवाकडे दिलं गेलं. कागद अस्सल, पण सही लिंकन यांची नाही. वडिलोपार्जित पट्टा घेऊन तज्ज्ञांकडे जाणारे अनेक जण इथे निराश होतात.

म्हणूनच महत्त्वाचा ठरतो तो कागदाचा प्रवास. तो कोणाकडून कोणाकडे गेला, याची साखळी जितकी पक्की तितका भाव जास्त.

एका आकड्याने काय बिघडतं?

पॅट्रिक मर्फी नावाच्या सैनिकाला लिंकन यांनी दिलेला माफीचा आदेश १९९८ मध्ये गाजला. त्यावर १४ एप्रिल १८६५ ही तारीख होती. त्याच रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. म्हणजे ही त्यांच्या शेवटच्या काही कामांपैकी एक! कागद अभिलेखागारात प्रदर्शनात मांडला गेला, पुस्तकांत त्याचा उल्लेख आला. पण एका अभिलेखपालाला शंका आली. ‘५’ची शाई जास्त गडद होती आणि खाली दुसरा आकडा असल्यासारखं दिसत होतं. जुन्या छापील संग्रहात याच आदेशाची तारीख १८६४ होती. ज्या हौशी इतिहासकाराने हा ‘शोध’ लावला होता, त्याने जानेवारी २०११ मध्ये आपण फाउंटन पेनने आकडा बदलल्याची लेखी कबुली दिली आणि नंतर ती नाकारली. मुदत उलटून गेल्याने खटला झाला नाही. अभिलेखागाराचे दरवाजे मात्र त्याला कायमचे बंद झाले.

इथे सही खरी होती, कागद खरा होता. खोटा होता फक्त एक आकडा. तरीही १२ वर्षं इतिहास चुकीचा सांगितला गेला.

चोरीचा कागद विकत घेतला तर?

पैसे आणि कागद, दोन्ही जाऊ शकतात. अमेरिकी हक्कांच्या सनदेची नॉर्थ कॅरोलिनाची प्रत एप्रिल १८६५ मध्ये एका सैनिकाने राज्याच्या कचेरीतून उचलून नेली. पुढे ती ५ डॉलरना विकली गेली. २००३ मध्ये एफबीआयने गिऱ्हाइकाचा बनाव रचून ती फिलाडेल्फियात जप्त केली. न्यायालयीन लढाईनंतर ती राज्याला परत मिळाली. सरकारी दप्तरातला कागद १३८ वर्षांनीही सरकारचाच राहतो, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

या युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला. पण त्याहून मोठं नातं एका पुस्तकाचं आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. जोतीरावांना ती सही कधी विकत घ्यावी लागली नाही. तिने काय बदललं, हे त्यांना पुण्यात बसून नेमकं कळलं होतं.