ट्यूब कुठली लावत होतात?

पावसाळ्यात सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागासमोरची रांग सकाळी दहाच्या आतच जिन्यापर्यंत पोचते. केसपेपर काढायचा, बाकावर सरकत सरकत पुढं यायचं आणि नंबर लागला की आतल्या स्टुलावर टेकायचं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होतो. डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच, आणि तो ‘खाज कधीपासून’ हा नसतो.

“ट्यूब कुठली लावत होतात?”

नाव सहसा कुणाला सांगता येत नाही. मग पिशवीतून ट्यूबच बाहेर येते. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, चेपलेली, झाकण हरवलेली. मॅडम ती उजेडात धरून बारीक अक्षरं वाचतात: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. म्हणजे एक जहाल स्टिरॉइड, एक जीवाणूंवरचं औषध, एक आमांशावरही देतात ते, आणि बुरशीवरचं एक. आमांशाच्या औषधाचं गजकर्णाच्या मलमात काय काम, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. मेडिकलवाल्यानं दिली, शेजारणीला लागू पडली, एवढ्यावर आपलं भागतं. स्टिरॉइडची अशी चौदा मलमं सरकारनं २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी आहे, आणि ट्यूबही काउंटरवर मिळते.

स्टुलावर बसलेल्या मावशींना कमरेला खाज होती. परकराची नाडी जिथं करकचून बसते, बरोबर त्याच रेषेत. घामानं ओली राहणारी जागा, त्यात पावसात दोन दिवस न वाळलेले कपडे. ट्यूब लावली की चार दिवसांत थंड वाटायचं, सोडली की दुप्पट उसळायचं. यात नवल काही नाही. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण त्याबरोबर त्वचेची लढायची ताकदही दाबतं, आणि बुरशी खाली निवांत पसरत राहते. गजकर्णाची ओळख म्हणजे त्याची कड: बाहेरून उंचावलेली, लालसर, खपल्या धरलेली, आतून निवळत आलेली. ट्यूबा लावून लावून मावशींची ती कडच पुसली गेली होती. नुसता तपकिरी, वेडावाकडा पट्टा उरला होता, तो इसब म्हणूनही खपला असता.

तेव्हा मॅडमनी ब्लेड घेतलं. धारेनं कापायचं नसतं, चट्ट्याच्या कडेवरून ते आडवं धरून अलगद खरवडायचं. दुखत नाही. कोंड्यासारखा पांढरा भुगा काचेच्या पट्टीवर पडला, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, वर पातळ काच. हा क्षार त्वचेच्या पेशी विरघळवतो, बुरशीला मात्र तेवढ्या लवकर काही करत नाही. वीसेक मिनिटांनी मला सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला सांगितलं. आधी नुसती धूसर फरशी दिसली. मग स्क्रू हळूहळू फिरवल्यावर त्या फरशीच्या रेघांना न जुमानता आरपार जाणारे हिरवट धागे दिसू लागले, मध्येच फांदी फुटलेले, बांबूसारखी पेरं पडलेले. स्टिरॉइडखाली पोसलेली बुरशी काचेवर उलट जास्तच सापडते, असं मॅडम म्हणाल्या. मावशींच्या काचेवर तिचं जाळंच होतं.

एक ब्लेड, एक थेंब, एक काच. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेसुद्धा पैसे पडत नाहीत. मावशींनी वर्षभरात ट्यूबांवर घातलेले पैसे त्यांनी बोटांवर मोजले आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

उपचार साधा, फक्त चिवट. नुसतं बुरशीवरचं मलम, त्यात दुसरं काही नको. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्तीचं लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढं गेलेली असते. चट्टा मावळल्यावरही निदान दोन आठवडे लावत राहायचं. इथंच बहुतेक जण गळतात. पसरलेल्या रोगाला गोळ्या लागतात. अलीकडं ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी फोफावली आहे, तिचं वेगळं नामकरण २०२० मधलं. तिच्यातल्या बऱ्याच वाणांना टर्बिनाफिन पुरं पडत नाही, म्हणून इट्राकोनाझोल द्यावं लागतं. त्याची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅप्सूल अंगी नीट लागत नाही. आपल्याकडं सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी टाकणारे काय कमी आहेत? महागडं औषध तसंच वाया जातं आणि दोष औषधाला. म्हणून मॅडम आधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या मागवतात. हृदयाच्या काही औषधांबरोबर तर ही कॅप्सूल चालतच नाही. एवढं पाहून झालं की रुग्णालयात नसलेलं औषध जनऔषधी दुकानातून घ्यायचं. मुलाच्या कमरेचा करदोटा सोडायचा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे उन्हात उलटे वाळवायचे. यातलं बरंचसं फुकट आहे.

मावशींच्या मागून एक आई दोन मुलांना घेऊन आली. इथं मॅडमनी ट्यूब मागितलीच नाही. धाकट्याच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगट पाहिलं, बेंबीभोवती पाहिलं. “रात्री जास्त खाजतं ना? घरात अजून कुणाला?” सगळ्यांनाच होतं, फक्त नवरा कबूल करत नव्हता. खरूज. मॅडमनी शाईचं पेन मागून बेचक्यातल्या एका पुरळावर शाई फासली आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. सगळीकडची शाई गेली, एक बारीक वाकडी रेघ तेवढी निळी राहिली. कातडीखाली किड्यानं पोखरलेलं ते बीळ. किडा स्वतः अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान.

खरजेत घराचं गणित कठीण होतं. पर्मेथ्रिन पाच टक्के रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, लावून सकाळी आंघोळ. आठवड्यानं पुन्हा तेच. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते. एकट्या धाकट्याला लावून पैसे वाचवले तर नवऱ्याच्या अंगावरून खरूज परत येते. म्हणून रात्र सगळ्यांची एकच. मोठ्यांना आयव्हरमेक्टिनच्या वजनावर ठरणाऱ्या गोळ्या देऊन खर्च खाली आणता येतो. गरोदर बाईला आणि पंधरा किलोच्या आतल्या मुलाला त्या देत नाहीत. नवऱ्याचं नावही केसपेपरवर चढलं.

सगळी खाज एवढी सरळ नसते. त्यानंतर आलेल्या गवंड्याच्या हातांवर ना कड होती ना बीळ. सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी. त्याला हातमोजे घालायला सांगितले, तो हसला. मोज्यांनी थापी धरता येत नाही म्हणे, आणि त्याचंही बरोबरच असावं.

खरजेच्या घराला मात्र मॅडमनी जाताना थांबवलं. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे टिकते, कारण मेलेले किडे आणि त्यांची घाण कातडीतच असते. लोकांना वाटतं औषध फसलं, की निघाले मेडिकलवर नवी ट्यूब आणायला. तेवढे दिवस खाजेच्या गोळीवर काढा, ट्यूब आणू नका, असं सांगून त्यांनी केसपेपरवर पुढची तारीख ठळक लिहिली आणि नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं.