ऊन नसलं तरी कपडे वाळतात

आषाढ लागला की घरोघरी तीच रड. खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कड्या, टीव्हीच्या वरची दोरी, सगळीकडे दमट कपडे. मग कोणीतरी म्हणतं, "एकदाचा ड्रायर घेऊनच टाकू."

घोळ या शब्दापासूनच आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या छोट्या टबाला आपण ड्रायर म्हणतो, तो वाळवत नाही, गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो. म्हणजे नुसता पिळतो. खरा ड्रायर हवा तापवून पाण्याची वाफ करतो, आणि वाफ महाग असते. धुण्यात दोन लिटर पाणी उरलं असेल, तर त्याची निव्वळ वाफ करायलाच सुमारे १.३ युनिट लागतात. हीट पंपाचे महागडे ड्रायर सोडले, तर बाकीच्यांना याहून जास्तच. उलट पिळणाऱ्या टबाची मोटर ३०० वॉटची धरली, तरी पाच मिनिटांच्या फिरकीला युनिटचा चाळिसावा भाग पुरतो. तेव्हा पावसाळ्यात कपडे सुटे करून आणखी एक फिरकी खुशाल द्या.

"पण उन्हाशिवाय वाळणार कसे?" ऊन मदत करतंच, पण वाऱ्याचं काम त्याला एकट्याला जमत नाही. ओल्या कापडाला लगटून दमट हवेचा थर बसतो. तो हलला नाही तर पाणी कापडातच राहतं. म्हणून काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीतल्या उन्हापेक्षा वारा खेळणारी सावलीतली गॅलरी कित्येकदा बरी. दोन कपड्यांत चार बोटं जागा हवी. टॉवेल दोरीवर दुहेरी टाकला की आतली घडी ओलीच राहते. शर्ट झटकून हँगरला लावावा, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढावेत.

खिडकी मात्र सगळे विसरतात. बंद खोलीत पंखा तीच ओल फिरवत बसतो आणि भिंतीला पोपडे धरतात. पंखाही अगदी फुकट नाही: साधा ७५ वॉटचा पंखा आठ तासांत ०.६ युनिट खातो, बीएलडीसी त्याच्या निम्म्याहून कमी. अर्थात आपण त्याच पंख्याखाली झोपणार असू, तर कपड्यांचं वेगळं बिल येत नाही.

इस्त्रीने वाळवणं हा सकाळच्या घाईतला उद्योग. जीन्समध्ये अर्धा लिटर पाणी असेल, तर १००० वॉटची इस्त्री वीस मिनिटं तापती ठेवावी लागेल, तीही सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर! जुन्या फ्रिजच्या मागच्या जाळीवर मोजे टाकणं त्याहून वाईट. जाळीतली उष्णता बाहेर पडायला अडते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो.

राहिला कुबट वास. त्याचा दोष आपण ढगांना देतो आणि पावडर वाढवतो. खरं तर कापड फार वेळ ओलं राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, वास त्यांचा. जपानी संशोधकांनी २०१२ साली त्यातला एक, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, नावानिशी दाखवला. जादा पावडर नीट खंगाळली न गेल्याने कापडातच उरते. मशीन थांबल्यावर पिळे तासन्‌तास टबात पडू न देणं हाच खरा उपाय.

आणि वाळलं की नाही, हे पँटच्या पायाला हात लावून ठरवू नये. कमरेची पट्टी आणि खिशाचा तळ चाचपावा. ओल तिथे सगळ्यात शेवटपर्यंत दडून असते.