डिस्क मेली, की नुसती दिसेनाशी झाली?

२००८च्या अखेरीस सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेतल्या हार्ड डिस्कबद्दल जगभरातून एकाच तऱ्हेच्या तक्रारी येऊ लागल्या. रात्री नीट चालणारी डिस्क सकाळी पीसी सुरू केला की बायोसला दिसतच नसे. चकत्या शाबूत होत्या आणि त्यांवरचे फोटो, हिशेब, कागदपत्रंही जागच्या जागी होती. दोष होता तो डिस्कच्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिला चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये. आतल्या घडामोडींच्या नोंदी एका ठरावीक आकड्यावर आलेल्या असताना वीज बंद होऊन परत आली, की डिस्क सुरू होतानाच अडकून बसे. जानेवारी २००९मध्ये कंपनीने दोष मान्य केला, नवं फर्मवेअर दिलं आणि अडकलेला डेटा फुकट काढून देण्याची तयारी दाखवली. तोवर ज्यांनी डिस्क फेकून दिली असेल, त्यांनी चांगला डेटा कचऱ्यात घातला.

कॉम्प्युटर सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पण पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटलं की घरात घबराट होते, दुकानदार ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगतो आणि मालक मान डोलावतो. खरं नुकसान पुष्कळदा त्या मान डोलावण्यात होतं.

बटण दाबल्यावर हार्ड डिस्कची पाळी बरीच उशिरा येते. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड तपासतो आणि मग ठरवून दिलेल्या क्रमाने बूट होण्याजोगी डिस्क शोधतो. १९८३च्या आयबीएम पीसी-एक्सटीपासून चालत आलेल्या पद्धतीत तो डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधले ५१२ बाइट वाचतो. त्यांत ४४६ बाइटांचा चिमुकला प्रोग्रॅम, ६४ बाइटांत चार पार्टिशनांची नोंद आणि शेवटी दोन बाइटांची खूण असते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या, बायोसऐवजी यूईएफआय असलेल्या पीसींत हे काम एका लहानशा वेगळ्या पार्टिशनमधली फाइल करते. पद्धत कुठलीही असो, एवढासा तुकडा बिघडला तरी एक टेराबाइटची धडधाकट डिस्क रिकामी असल्यासारखी वागते.

म्हणून आधी फुकटचे उपाय. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क काढून पाहावी. बूटच्या क्रमात पेनड्राइव्ह वर असेल तर बिचारा बायोस त्याच्यातच विंडोज शोधत बसतो. मग सुरुवातीलाच एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जावं (बटण कंपनीगणिक बदलतं) आणि एकच गोष्ट पाहावी: तिथे डिस्कचं नाव दिसतं का?

दिसत असेल, तर गाडी बहुधा सॉफ्टवेअरपाशी अडली आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधला ‘स्टार्टअप रिपेअर’ किंवा ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा बूटच्या फाइली परत बसवते. वैयक्तिक फाइलींना ती हात लावत नाही. कधी दोष मदरबोर्डवरच्या सीआर-२०३२ या बटणाएवढ्या सेलचा असतो. तो उतरला की घड्याळ मागे जातं, बायोसची सेटिंग मूळपदावर येतात, डिस्क जोडणाऱ्या साटाचा मोड बदलतो आणि विंडोज ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून निळा पडदा दाखवतं. सेल बदलून मोड पूर्ववत केला की काम होतं. अशा पीसीवर सगळं विंडोज नव्याने टाकणं हा निव्वळ आडदांडपणा.

नाव दिसत नसेल, तर वीज बंद करून साटाची केबल आणि पॉवरची पिन काढून घट्ट बसवावी, दुसरी केबल, दुसरा पोर्ट वापरून पाहावा. मात्र डिस्कमधून टकटक येत असेल तर तिथेच थांबावं. वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं; ते चकतीला घासत असेल तर दर वेळी ‘अजून एकदा चालू करून बघू’ म्हणताना डेटाचा थर खरवडला जातो. अडखळत का होईना डिस्क वाचली जात असेल, तर विंडोजच्या ‘चेकडिस्क’ या दुरुस्तीच्या आज्ञेची घाई नको. ती डिस्कवर लिहिते. आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करून फाइली दुसरीकडे उतरवाव्यात, दुरुस्ती त्यानंतर.

तज्ज्ञांच्या हाती काय लागू शकतं, याचा टोकाचा दाखला कोलंबिया यानाचा आहे. २००३च्या अपघातात आकाशातून कोसळलेल्या एका सीगेट डिस्कवरचा जवळजवळ ९९ टक्के डेटा परत मिळाला आणि यानात झालेल्या झेनॉन वायूवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले.

चकत्या नसलेल्या एसएसडीच्या बाबतीत एवढा दिलासा देता येत नाही. तिथे टकटक नाही, पूर्वसूचनाही अनेकदा नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला, की फर्मवेअर बदललं नाही तर त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटाही परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार. अशा ठिकाणी एकीची प्रत दुसरीवर ठेवून काय साधणार? बॅकअप वेगळ्या जागी हवा तो याचसाठी.

आणखी एक अडथळा हल्लीच्या लॅपटॉपमध्ये असतो, डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज पीसी सुरूच होईनात. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. डिस्क ठणठणीत होत्या, एक फाइल पुसायची होती. पण बिटलॉकर असलेल्या पीसीवर तिथवर पोचायला ४८ अंकी रिकव्हरी की लागत होती. घरच्या लॅपटॉपची ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप चालू आहे तोवर ती कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.